कॅमेरा कोणाच्या हातचा

कॅमेरा एसटीच्या टपावरून पडला तेव्हा बाबा खाली दोन्ही हात वर करून उभे होते, आणि तरी तो त्यांच्या हातात न येता शेजारच्या दगडावर आदळला. लेन्स तेवढी वाचली, कारण ती नेहमीप्रमाणे टॉवेलात गुंडाळून बाबांच्या खांद्यावरच्या पिशवीत होती. बाकी सगळं, सागाची पेटी, चामड्याचा भाता, मागची दुधी काच, सगळ्याचं सरपण झालं. बाबा साकोलीच्या स्टँडवर तिथंच उकिडवे बसले आणि काचेचे तुकडे वेचू लागले. कंडक्टर म्हणाला, "जाऊ द्या ना भाऊ, नवा घ्या." बाबांनी मान वर करून त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा गप गाडीत जाऊन बसला. त्या दिवसापासून पुढे दीड वर्ष आमच्या घरात कोणी धड मांडी घालून जेवलं नाही, असं मी म्हटलं तर ते फारसं खोटं होणार नाही.

आमचा स्टुडिओ साकोलीतच, हायवेला लागून होता आणि घर त्याच्या मागे. मधे एक दार, दाराला आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. दिवसभर ट्रक जायचे. ट्रक गेला की फळीवरचे ग्लास वाजायचे, भिंतीवरच्या फ्रेममधले नवरानवरी थरथरायचे, आणि बाबा कोणाचा फोटो काढत असले तर हात वर करून म्हणायचे, "थांब बाप्पा, जाऊ दे त्याले." गिऱ्हाईक श्वास धरून बसायचं. दोन ट्रकांच्या मधली शांतता पकडायची, यातच आमच्या धंद्याचा अर्धा हुन्नर होता. मला ती शांतता कधी मानवली नाही. मी जन्माची चुळबुळी. बी.ए. करून घरी बसलेली, आणि बसणं हीच एक गोष्ट मला येत नव्हती. आई म्हणायची, "हे पोट्टी जेवतानाही एक पाय चपलेत ठेवते." भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. गोंदियाकडच्या ज्या शाळा बाबांना ग्रुप फोटोला बोलवत, त्यांना आता आपल्या जिल्ह्यातले फोटोवाले दिसू लागले होते. शिवाय रंगीत फोटोंच्या लॅब निघाल्या होत्या, तासाभरात छत्तीस फोटो हातात. दुसऱ्या कोणी शहाण्या माणसानं हे निमित्त साधून मोठ्या कॅमेऱ्याला कायमची रजा दिली असती.

पण बाबांच्या मागे दिघोरी होती. दिघोरी आमचं मूळ गाव, लाखांदूर तालुक्यातलं. तिथल्या आमच्या मोहल्ल्याचा दरवर्षी एक फोटो निघायचा. दसऱ्याला निम्मे लोक दीक्षाभूमीवर नागपूरला गेलेले असत, म्हणून तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काढायचा. विहारासमोर, पांढऱ्या कपड्यांत, सव्वाशे-दीडशे माणसं. मागे बाकांवर पोरंटोरं, मधे उभे बायापुरुष, आणि पुढे खुर्च्यांवर ते म्हातारे, ज्यांनी पहिल्या दीक्षेला नागपूर गाठलं होतं. त्यांच्यातलं कोणी त्या वर्षात गेलं असलं तर त्याची खुर्ची फोटोत रिकामी ठेवायची आणि पुढच्या वर्षी काढून घ्यायची. हा रिवाज कोणी पाडला ठाऊक नाही, पण मोडलेला मी पाहिला नाही. मग आठवड्याभरानं बाबा फोटो आणि भिंग घेऊन विहारात बसत, आणि एकेक जण येऊन भिंगातून आपलं तोंड शोधे. दहा-बारा इंचांची निगेटिव्ह, तेवढाच कागद. दीडशे माणसांत बाईच्या नाकातला खडासुद्धा दिसायचा. पहिला मान भागाबाईंचा. खुर्च्यांवरच्या ओळीत त्या मधोमध बसत. नात्यानं आमच्या कोणी नव्हत्या, पण बाबा त्यांना मावशी म्हणत. भिंगाला डोळा लावून त्या विचारत, "पाय गा शालिक, माहं थोबाड हाये का जागेवर?"

"हाये ना मावशी."

"मंग ठीक हाये. म्हणजे यंदाही जित्ती हावो मी."

बाबांचा नेमच होता: चेहरा गेला तं फोटो गेला. दीडशेपैकी एक चेहरा जरी हलला तरी ते दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सगळ्यांना उभं करत. कॅमेरा पडला त्या वर्षी दिघोरीचा मोठा फोटो निघालाच नाही. कोणीतरी छोटा कॅमेरा आणून रंगीत काढला. भागाबाईंनी त्यावर भिंग धरलं, बराच वेळ धरलं आणि म्हणाल्या, "एवढे तांदूळ कोनं सांडवले?" नि उठून गेल्या. बाबांना ते लागलं. ते परत येताना एसटीत नुसता गुडघा हलवत राहिले.

तर कॅमेरा घ्यायचा हे ठरलेलं होतं. कोणाच्या हातचा, हे ठरत नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ज्या माणसानं चहाचा कप संपायच्या आत पक्कं केलं, तो माणूस सव्वा वर्ष कॅमेरा ठरवत होता. कलकत्त्याला अशा लाकडी पेट्या करणारं एक जुनं दुकान अजून चालू होतं. त्यांचं पत्रक इंग्रजीत आलं. बाबा सातवी शिकलेले, म्हणून ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं, आणि वाचता वाचता मत देण्याचं कामही मी माझ्याकडे घेतलं. ते मला कोणी दिलं नव्हतं. कलकत्त्याचा कॅमेरा सुटकेससारखा मिटायचा, वजनाला हलका, एसटीनं हिंडणाऱ्याला सोयीचा. पण भाता चामड्याचा, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी यायला आठ दिवस पुरतात. दुसरा होता मुंबईचा, धातूचा. एका जाड सळईवर पुढची आणि मागची चौकट चढवलेली. त्या चौकटी हव्या तशा कलायच्या, आणि कलवल्या तिथं ठाम राहायच्या. खुर्चीवरची ओळ आणि बाकावरची ओळ एकदम साफ आणायची तर चौकट किंचित कलवावी लागते, त्यासाठी मुंबईवाला एक नंबर. पण तो उचलायला दोन माणसं हवीत, आणि तो फक्त स्वतःच्याच स्लाइड घेतो. स्लाइड म्हणजे फिल्म भरायची चपटी लाकडी चौकट. दुधी काचेवर चित्र जुळवून घेतलं की काच बाजूला करायची आणि तिच्या जागी स्लाइड सरकवायची. आमच्याकडे सहा स्लाइड होत्या, बाबांच्या उस्तादांच्या वेळच्या, एकीतूनही उजेड न गळणाऱ्या. कलकत्तेवाल्यानं कळवलं होतं, एक स्लाइड नमुन्याला पाठवा, तीन-चार महिन्यांत तिच्या मापाचा मागचा भाग करून देऊ. बाबा स्लाइड रुमालात बांधायचे, पोस्टापर्यंत जायचे आणि तशीच परत घेऊन यायचे.

जेवायला बसलं की हाच विषय. लाखोळीचं वरण, भात, अंबाडीची भाजी, आणि ताटाच्या मधोमध कलकत्ता.

"मुंबईवाला मजबूत हाये," बाबा म्हणत.

"मंग थोच घ्या."

"पण उचलन कोन?"

"मंग कलकत्ता घ्या."

"पण भाता सडते ना बाई."

आई वरणाचा गंज दाणकन खाली ठेवायची. "मुंबई आन् कलकत्ता दोन्ही वाढू का ताटात? भात थंडा होऊन राहिला." बाबांचा गुडघा हले, त्यानं ताट हले, ताटानं पाट वाजे. मीही काही कमी नव्हते. मला नागपूरला जायचं होतं, नोकरीचे अर्ज करायचे होते, स्टुडिओत उभं राहायचं होतं, घरातून पळायचं होतं, सगळं एकदम. त्या वयात माणसाला काय हवं ते ठाऊक नसतं, पण ते आजच हवं असतं. बाबा ठरवत नाहीत म्हणजे माझंच आयुष्य अडवून बसले आहेत, असं मला वाटायचं.

तिसरं नाव मी काढलं ते असंच चिडून. "त्यापरीस मिस्त्रीकाकाले सांगा ना! स्लाइड इथंच, माप इथंच. नाई बसली तं उद्या पुन्हा रंधा मारन थे." बाबांचा गुडघा थांबला. आईनं माझ्याकडे पाहिलं. कवडूजी मिस्त्री म्हणजे आमच्या तालुक्यात सुतारकामातला शेवटचा शब्द. दारं, खिडक्या, खासरांची, म्हणजे छोट्या बैलगाड्यांची, चाकं. बाबांच्या एका स्लाइडचा तुटलेला कोपरा त्यांनीच असा जोडला होता की सांधा नखालाही लागत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या दुकानात गेलो. कवडूजींनी स्लाइड उलटसुलट पाहिली, नाकाशी धरली, म्हणाले, "शालिकभाऊ, यंत्रतंत्र मले नाई समजत. पेटी सांगा, पेटी करून देतो. आतमंदी कोन बसते थे तुमचं तुम्ही पाहा." मग माळ्यावरून त्यांनी धुळीनं माखलेल्या दोन फळ्या काढल्या. "हे साग माह्या बापानं ठेवलं होतं. चांगल्या कामासाठी ठेवलं होतं. आता हे ना फुगन, ना आटन."

पावसाळाभर ते काम चाललं. पितळी स्क्रू आणि कड्या भंडाऱ्याच्या एका पितळवाल्याकडून ओतून आणल्या. भाता आई आणि मी केला, छत्रीच्या काळ्या कापडाचे दोन थर आणि मधे पुठ्ठ्याच्या पट्ट्या. तीन भाते वाया गेले. चौथा नीट मिटला तेव्हा आई म्हणाली, "एवढ्या घड्या मी माह्या लग्नाच्या लुगड्याच्या नाई केल्या." हल्ली पुण्या-मुंबईकडची तरुण मुलं कधीमधी हा कॅमेरा पाहायला येतात. त्यांना या जुन्या पद्धतीचं आता नव्यानं वेड लागलंय. ती पहिल्यांदा विचारतात, मेकर कोणता? मी सांगते, कवडूजी, साकोली. ती लगेच फोनवर शोधतात आणि काही सापडत नाही म्हणून माझ्याकडे जरा संशयानं बघतात. पेटीवर नाव नाही. बाबांनी पितळेची पट्टी लावा म्हणून आग्रह केला होता. कवडूजी हसले होते. "दारावर नाव टाकते का कोनी? दार बंद झालं का समजते लोकायले, कोनाच्या हातचं हाये."

पहिला फोटो आम्ही हायवेपलीकडच्या दुकानांच्या रांगेचा काढला. एक ट्रक गेला, दुसरा यायचा होता, तेवढ्यात. धुऊन पाहिलं तर दुकानांच्या पाट्यांवरचं बारीकातलं बारीक अक्षर सुईनं कोरल्यासारखं. बाबा त्या दिवशी दोनदा जेवले. कवडूजींना मिठाईचा पुडा गेला. आणि बाबा मला म्हणाले, "दिघोरीचा फोटो तू काढशीन." मी कितीतरी वर्षं हेच वाक्य ऐकायची वाट पाहत होते, पण ते ऐकल्यावर मला जास्तच बेचैन वाटू लागलं. आता चुकायला जागा नव्हती.

इथं काचेचं सांगायला हवं. दुधी काचेची एक बाजू गुळगुळीत असते, एक घासलेली, खरखरीत. चित्र खरखरीत बाजूवर उमटतं, म्हणून ती बाजू आत, लेन्सकडे ठेवायची असते. ग्रुप फोटोसाठी बाबा त्या काचेवर पेन्सिलीनं तीन आडव्या रेघा मारत, तीन ओळींसाठी, आणि पुढच्या ओळीत मधोमध फुली. पेन्सिल फक्त खरखरीत बाजूवर उठते. म्हणजे दरवेळी काच काढायची, रेघ मारायची, लावून बघायची, चुकली तर पुन्हा काढायची. मला एवढा धीर कुठला? दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी ती काच फिरवून बसवली. खरखरीत बाजू माझ्याकडे. आता काळ्या कपड्याखाली उभ्या उभ्या रेघ मारता येत होती, बोटानं पुसता येत होती. मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की फोटो झाल्यावर बाबांना दाखवायचं मी ठरवून टाकलं. इतकी वर्षं यांना हे सुचलं कसं नाही!

दिघोरीला त्या दिवशी आभाळ आलं होतं. विहारापुढे पिंपळाची सावली, मागे बोडीची, म्हणजे छोट्या तळ्याची, पाळ, पलीकडे पोटरीला आलेला धान. उजेड कमी आणि पोरं स्वस्थ उभी राहीनात, म्हणून लेन्सचं छिद्र बरंच मोठं ठेवावं लागलं. खुर्च्यांवर त्या वर्षी चौघंच उरले होते. भागाबाईंचे दात पडले होते, गाल आत गेले होते. त्यांनी मला कपड्याखालून डोकं काढताना पाहिलं नि ओरडल्या, "काहून वो, आज तू काढून राहिली का? मले नीट काढजो बाई. मागच्या वर्षी तांदूळ झाली होती मी." सगळे हसले. मी काचेवर भिंग लावून मधली ओळ जुळवली, चौकट बाबांनी शिकवली तशी कलवली. काचेवर पुढच्या ओळीचा एकेक सुरकुती दिसणारा चेहरा उलटा लटकत होता, साफ. बाबांनीही भिंग लावून पाहिलं आणि मान डोलावली. मी स्लाइड सरकवली. "हलाचं नाई बाप्पा," मी ओरडले, अगदी बाबांच्या आवाजात.

पाचव्या दिवशी फोटो कागदावर आला. लाल दिव्याखाली ट्रेमधून तो वर येताना मी पाहत होते. मागची पिंपळाची पानं आली, बोडीच्या पाळीवरचं गवत आलं, बाकावरची पोरं ठीक आली. पुढची ओळ आली आणि येतच राहिली, पण तिचे चेहरे काही येईनात. चार खुर्च्यांवर चार पांढरे कपडे आणि वर धूर. बाबांनी कागद उजेडात नेला, भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "लाकूड," ते म्हणाले. "लाकूड हललं. कच्चं लाकूड लावलं त्यानं."

मला लगेच कळलं असं नाही. दुपारी मी काचेवरच्या रेघा पुसायला गेले आणि त्या बाहेरूनच बोटाला लागल्या, तेव्हा कळलं. चित्र मी काचेच्या बाहेरच्या बाजूवर जुळवलं होतं आणि फिल्म बसली होती आतल्या बाजूच्या जागी. मधे काचेची जाडी. आमच्या बाजारात दाराखिडक्यांची जाड काच मिळते, तीच लावलेली. तेवढ्या अंतरानं चित्र मागे सरकलं होतं, म्हाताऱ्यांवरून पोरांवर. आणि मग मी जे केलं ते आजही लिहवत नाही. मी काच काढली, सरळ केली, बसवली, रेघा पुसून टाकल्या आणि बाबांना जेवायला हाक मारली.

बाबा त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी कॅमेरा घेऊन कवडूजींच्या दुकानी गेले. मी बरोबर होते. दुकानापुढे चार-सहा माणसं होती. बाबांनी फोटो त्यांच्यासमोर धरला. "कवडूजी, कच्चं लाकूड लावलं तुम्ही. माह्या लोकायचे चेहरे खाल्ले तुमच्या लाकडानं." सुताराला यापेक्षा वाईट शिवी नाही. कवडूजींनी फोटो पाहिला, कॅमेरा पाहिला, चौकटीवरून अंगठा फिरवला. "शालिकभाऊ, हे लाकूड माह्या बापाच्या हातचं होय." बस, एवढंच बोलले. मी त्यांच्या शेजारी उभी होते. बोलले असते तर मिस्त्रीकाकांचं नाव वाचलं असतं आणि माझं स्टुडिओतलं उभं राहणं संपलं असतं, असा तो हिशोब होता. मी माझं उभं राहणं निवडलं.

मग ते दिवस आले. बाबा कॅमेरा मिस्त्रीकाकांच्या दुकानीच टाकून आले होते, त्यामुळे फोटो पुन्हा काढणं अडलं होतं, आणि कलकत्त्याचं पत्रक पुन्हा बाहेर निघालं होतं. बाजारात लोक कवडूजींना विचारू लागले, "का मिस्त्री, तुमच्या दारातून दिसते ना साफ?" कवडूजी हसत नसत. ते दोष शोधत होते. दुकानावरून जाताना मी पाहायची, कॅमेरा ओट्यावर, शेजारी गुण्या, पट्टी, आणि कवडूजी चष्मा कपाळावर चढवून त्या मागच्या चौकटीला माप लावत बसलेले. घरांच्या दारांचं काम त्यांनी बाजूला ठेवलं होतं. सरळ असलेल्या गोष्टीत ते वाकडेपणा शोधत होते आणि तो सापडत नाही म्हणून स्वतःवरच शंका घेत होते. मी रस्ता बदलला. लांबच्या वाटेनं जाऊ लागले, भराभर, धावतच म्हणा ना. रोज सकाळी ठरवायची, आज सांगू. दुपारी वाटायचं, उद्या. मला एका जागी बसवत नव्हतं आणि एक वाक्यही बोलवत नव्हतं.

धानाची कापणी सुरू झाली होती, तेव्हा भागाबाई गेल्या. ताप आला आणि तीन दिवसांत गेल्या. त्यांचा मुलगा नामदेव स्टुडिओत आला, पांढरा सदरा, डोळे सुजलेले. पुण्यानुमोदनाला फोटो हवा होता. "यंदाच्या फोटोतली माय काढून द्या, शालिकभाऊ."

बाबा म्हणाले, "यंदाची नाई निघत रे. दोन वर्षांआधीची देतो, साफ हाये."

"देजा. पण तवा मायले दात होते." नामदेवनं टेबलावरून भिंग उचललं आणि बिघडलेल्या फोटोवर धरलं. त्या पांढऱ्या धुरात तो आईचं तोंड शोधत होता. "शेवटची माय हेच होय," तो म्हणाला. "हे खरी."

"थ्या मिस्त्रीनं..." बाबांनी सुरुवात केली.

"मिस्त्रीकाकाची चूक नोहोय, बाबा." माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला. "काच मी पलटवली होती. लकीर माराले."

"आन् सीधी कोनं केली?"

"मीच."

हायवेवरून ट्रक गेला. फळीवरचे ग्लास वाजले, फ्रेमा थरथरल्या. जाऊ दे त्याले, असं कोणी म्हटलं नाही. मला वाटलं, बाबा मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. नामदेवनं भिंग हळूच खाली ठेवलं. तो रागावला नाही, हेच मला आजवर पेलत नाही. "एवढंच होतं," तो म्हणाला, "तं त्याच दिवशी सांगतीस ना पोरी. तवा माय बसत होती खुर्चीवर."

बाबांनी चपला घातल्या. "चाल," म्हणाले. स्टुडिओ उघडाच टाकून आम्ही कवडूजींकडे गेलो. वाटेत चहाच्या टपरीवर तीच चार-सहा माणसं होती, त्यांनाही बाबांनी हाक मारून बरोबर घेतलं. "मी चार लोकायमंदी बोललो होतो," ते कवडूजींना म्हणाले, "चार लोकायमंदीच वापस घेतो. लाकूड पक्कं हाये. चूक माह्या घरची होय." मग माझ्याकडे वळले. उरलेलं मी सांगितलं. कवडूजींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग उठून त्यांनी कोनाड्यातून कागदाची एक पुडी आणली आणि उलगडली. आत रंध्याचे पातळ, तांबूस छिलके होते, कांद्याच्या सालीसारखे.

"अर्धा सूत कमी झालं," ते बोटांत बारीकशी फट दाखवत म्हणाले. "दोनदा रंधा मारला मी त्या चौकटीले. काहीच नोहोतं तरी मारला. बापाच्या लाकडाले." त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी तोंड फिरवलं. मी रडले. बाबा रडले नाहीत, ते चौकटीकडे पाहत होते.

चौकट आता खरंच चुकली होती. कवडूजींनी दुसऱ्या सागाची पातळ पट्टी कापली, सरस लावला, चौकटीवर ठेवली आणि मला म्हणाले, "धर. सरस वाळेपावतर हात हलवाचा नाई." पट्टी दाबून धरायचा शिकंजा दुकानात होता, मी पाहिला होता, त्यांनी तो उचलला नाही. मी दोन्ही अंगठ्यांनी ती पट्टी दाबून दुपारपासून दिवस कलेपर्यंत बसले. माशा बसल्या, पायाला मुंग्या आल्या, बाबा घरी जाऊन परत आले. आयुष्यात मी एवढा वेळ स्वस्थ कधी बसले नव्हते. ती पट्टी आजही कॅमेऱ्याच्या मागे आहे, आसपासच्या लाकडापेक्षा फिकट. पुण्याच्या मुलांना मी ती दाखवते. त्यांना वाटतं, सजावट आहे.

कलकत्त्याचं पत्रक बाबांनी दुसऱ्या दिवशी चुलीत घातलं. मला त्यांनी घरोघर पाठवलं. दिघोरीत प्रत्येक दाराशी जाऊन मी सांगितलं, फोटो पुन्हा काढायचा आहे आणि का काढायचा आहे. कोणी पाणी दिलं, कोणी दोन शब्द सुनावले, एका म्हातारीनं दारच लावून घेतलं. धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, उरकल्यावर, थंडीच्या एका सकाळी, सगळे विहारासमोर पांढरे कपडे घालून जमले. खुर्च्या चारच मांडल्या. तिघं बसले. मधली खुर्ची भागाबाईंच्या घरून आणली होती, त्या नेहमी बसत ती. मला वाटलं होतं, बाबा स्वतः काढतील. त्यांनी काळा कपडा माझ्या हातात दिला. मी काच काढून बोटानं खरखरीत बाजू तपासली. एकदा तपासली, दोनदा तपासली, आत ठेवली. पुढच्या ओळीत फुली होती तिथं भिंग लावलं. तिथं तोंड नव्हतं, म्हणून मी खुर्चीच्या पाठीवर जुळवलं.

आठवड्यानं आम्ही फोटो घेऊन विहारात बसलो. पहिला मान त्या वर्षी नामदेवला दिला. त्यानं स्वतःचं तोंड शोधलं नाही. भिंग सरळ पुढच्या ओळीवर नेलं आणि बराच वेळ तिथंच धरून ठेवलं. मग मला म्हणाला, "पाय."

मी पाहिलं. रिकाम्या खुर्चीच्या वेताच्या विणीतली एकेक पट्टी, एका पायाला बांधलेली सुतळी, आणि बसून बसून मधे पडलेला खोलगटपणा. मोजता येईल इतकं सगळं साफ. कवडूजींचा कॅमेरा पहिल्या दिवसापासून तसाच होता.